आजार फौजीचा, पुरावा कोणी द्यायचा?

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सैनिकाच्या बाजूने निकाल दिला. हा जवान १९८५ मध्ये लष्करात भरती झाला. सियाचीन हिमनदीवर तैनात असताना त्याला आकडी आली आणि १९८९ मध्ये आजारपणामुळे त्याची सेवा संपली. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे वैद्यकीय मंडळाने ठरवले आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले गेले. न्यायालयाने मंडळाचे मत मान्य केले नाही आणि ५० टक्के दराने ही रक्कम आजन्म देण्याचा आदेश दिला. ऐन पंचविशीच्या आसपास घरी परतलेला तो जवान तोवर साठीच्या घरात पोहोचला होता.

कायद्याच्या दृष्टीने यात नवे फारसे नव्हते. २०१३ मध्येच धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले होते. सिग्नल कोअरमधल्या या शिपायाला सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर, १९९४ मध्ये, अपस्मारामुळे ‘बोर्ड आऊट’ करण्यात आले होते. कारण म्हणून ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे मूळ प्रकृतीतच असलेला विकार, एवढेच नोंदले होते. न्यायालयाचे म्हणणे असे : भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी तपासून माणूस निरोगी ठरवला, तेव्हा आजाराची कोणतीही नोंद केली नाही, आणि पुढे आजारामुळेच त्याला घरी पाठवले, तर तो आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरले पाहिजे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. संशयाचा फायदा सैनिकाला.

इतके स्पष्ट तत्त्व बारा वर्षांनी पुन्हा एका सैनिकाला न्यायालयातून मिळवावे लागते, याचे काय कारण असावे? सरकारी यंत्रणेची सवय हे एक. पण दुसरे कारण वैद्यकशास्त्रातच आहे आणि त्याची चर्चा क्वचित होते. वैद्यकीय मंडळाला जो प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर एका माणसापुरते देण्याची ताकद बहुतेक वेळा वैद्यकशास्त्राकडे नसते.

प्रश्न वरवर साधा आहे. आजार सेवेमुळे उद्भवला, सेवेमुळे बळावला, की दोन्ही नाही? उत्तरावर पैसे अवलंबून असतात. अपंगत्व शंभर टक्के असेल तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम निवृत्तिवेतनावर मिळते. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. शेवटचे वेतन ५० हजार आणि अपंगत्व ५० टक्के धरले तर महिन्याला साडेसात हजार रुपये. खेड्यातल्या घरात या रकमेत औषधे आणि मुलाची फी निघते. ‘दोन्ही नाही’ या शेऱ्याने ती जाते.

गोळी लागली, सुरुंगावर पाय पडला, तर वाद उरत नाही. दिसणाऱ्या जखमांची शुश्रूषा करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा मोठा भाग पुण्यात आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे, मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडले. उशिरा का होईना, अशा माणसाचा सत्कार कसा करायचा हे समाजाला कळते. रक्तदाब, बहिरेपणा, अपस्मार किंवा मनाचा आजार घेऊन गावी आलेल्या फौजीचे काय करायचे, हे कळत नाही. तो चालतो, बोलतो, शेतावर जातो. ‘तुला काय झालंय?’ हा प्रश्न त्याला घरचेही विचारतात.

आता त्या अनुत्तरित प्रश्नाकडे येऊ. समजा, एका गावातल्या शंभर पुरुषांना पन्नाशीपर्यंत रक्तदाबाचा आजार होतो का ते पाहिले आणि तीस जणांना झाला. त्याच वयाचे, त्याच गावचे शंभर पुरुष फौजेत कठीण ठिकाणी राहून आले आणि त्यांच्यात चाळीस जणांना झाला. (हे आकडे केवळ समजण्यासाठी.) म्हणजे दहा जणांचा आजार सेवेच्या खात्यावर मांडायला हवा. पण हे दहा कोणते? चाळीसही जणांच्या दंडाला पट्टा बांधला तर पारा सारखाच चढतो. रक्ततपासणी, ईसीजी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी यांपैकी काहीही त्या दहांना वेगळे काढू शकत नाही. वैद्यकशास्त्राचे ज्ञान समूहाचे आहे आणि मंडळाला निकाल एकेका माणसाचा द्यायचा आहे. अशा वेळी कोणीही डॉक्टर प्रामाणिकपणे ‘सांगता येत नाही’ असेच म्हणेल. फॉर्मवर मात्र तो रकाना नाही. मग ‘कॉन्स्टिट्यूशनल’ हा शब्द उपयोगी पडतो. तो निदानासारखा दिसतो, पण आजाराचे कारण माहीत नाही यापेक्षा अधिक त्यातून बहुधा काही कळत नाही.

याचा अर्थ वैद्यकशास्त्र हात टेकून बसले आहे असा नाही. उलट, अतिउंचीवर शरीराचे काय होते याचे जगाला असलेले ज्ञान मोठ्या प्रमाणात भारतीय जवानांच्या शरीरांतून आले आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातले सैनिक घाईने हिमालयात चढवले गेले आणि शत्रूशी गाठ पडण्याआधीच अनेकांच्या फुप्फुसांत पाणी भरू लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला. ११ ते १८ हजार फुटांवर आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांवरचा त्यांचा लेख १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि तो आजही आधारभूत मानला जातो. आज लेहला विमानाने उतरणाऱ्या पर्यटकाला ‘पहिले दोन दिवस नुसते पडून राहा’ असे सांगतात, त्या सल्ल्यामागे या जवानांचे आजारपणही आहे.

१३ एप्रिल १९८४ ला सियाचीनवर ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले आणि माणसाने कायमचे राहू नये अशा उंचीवर चौक्या उभ्या राहिल्या. १८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. तुटवडा भरून काढायला शरीर तांबड्या पेशी वाढवते आणि रक्त दाट होते. थंडीमुळे तहान मरते, पाणी कमी प्यायले जाते, बर्फाच्या वादळात दिवसचे दिवस तंबूत पाय दुमडून बसावे लागते. रक्त गोठायला याहून सोयीची परिस्थिती नाही. दीर्घकाळ उंचीवर राहिलेल्या जवानांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका सुमारे तीसपट असल्याचे लष्करी डॉक्टरांनी २००१ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त मांडले. त्याआधी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने २१ भारतीय जवानांची हकिगत छापली होती. काही आठवडे अतिउंचीवर राहून या धडधाकट तरुणांच्या हृदयाची उजवी बाजू फुगली होती आणि अंगावर सूज आली होती. खाली आणल्यावर ते बरे झाले.

मेंदूतल्या अशुद्ध रक्तवाहिनीत गुठळी झाली तर तिचे पहिले लक्षण अनेकदा आकडीच असते. लेखाच्या सुरुवातीच्या जवानाला हेच झाले असेल, असे म्हणण्याला आधार नाही. पण सियाचीनवरच्या माणसाला पहिली आकडी आली तर हा विचार करणे भाग असते, आणि ऐंशीच्या दशकात तो विचार पडताळून पाहायला लागणारी एमआरआय यंत्रे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्या कारणाचा शोध घेताच येत नव्हता, ते कारण नव्हते असे कागदावर लिहिले जाऊ शकत होते. त्या कागदाची किंमत पुढे दशकानुदशके मोजावी लागते.

कानाचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे आणि म्हणून बोलके आहे. नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण चालते, अहिल्यानगरमध्ये रणगाड्यांचे. तोफेचा आवाज कानाच्या आतल्या केसांसारख्या नाजूक पेशी मारतो आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने आलेला बहिरेपणा ऑडिओग्रामच्या आलेखात ओळखू येतो : चार हजार हर्ट्झच्या आसपास रेषा खड्ड्यासारखी खाली जाते. भरतीच्या वेळचा आलेख, दर काही वर्षांचा आलेख आणि निवृत्तीचा आलेख शेजारी ठेवले, तर वादाला फारशी जागा राहत नाही. वैद्यकशास्त्र उत्तर देऊ शकते ते नोंद असेल तिथे. पण तोफखान्यातून आलेला हवालदार बायकोला ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणू लागतो, कानात सतत शिटी वाजते म्हणून रात्री जागा राहतो, आणि त्याच्याकडे यातला एकही आलेख नसतो.

मनाचे आजार सर्वांत अवघड. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर स्किझोफ्रेनियामुळे १९९८ मध्ये सेवेबाहेर पडलेल्या सैनिकाचे प्रकरण आले. मंडळाने आपल्या मताची कारणेच दिली नव्हती, आणि कारणांशिवायचे मत ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. इथे दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि तो बहुतेकदा विशीच्या आसपासच डोके वर काढतो, नेमक्या त्याच वयात मुले फौजेत असतात. तो मुलगा गावीच राहिला असता तरी आजार झाला असता, ही शक्यता खरी आहे. पण तुटलेली झोप, एकटेपणा आणि सततचा धोका यांनी तो लवकर किंवा तीव्रपणे उफाळतो, हीसुद्धा शक्यता तितकीच खरी. ‘बळावला’ हा रकाना याच साठी आहे. भीषण अनुभवानंतरच्या मानसिक आघाताबद्दल तर बोलणेही अवघड. रात्री दचकून उठणारा, किरकोळ आवाजाने चिडणारा, संध्याकाळी दारूत बुडणारा माजी सैनिक गावात ‘तापट’ किंवा ‘पिणारा’ म्हणून ओळखला जातो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, हे कोणाला सुचत नाही.

सरकारचीही एक बाजू आहे. महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०२३ मधल्या अहवालानुसार २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांपैकी अधिकाऱ्यांत ३६ ते ४० टक्के, तर जवान-हवालदार-सुभेदार या वर्गात १५ ते १८ टक्के लोकांना अपंगत्वाचे निवृत्तिवेतन लागू झाले. खंदकात आणि चौकीत जास्त रात्री कोण काढतो हे माहीत असलेल्या कोणालाही हे आकडे खटकतील. लेखापरीक्षकांनाही खटकले. काही अधिकारी निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब-मधुमेहाची नोंद करून घेतात, अशी कुजबुज फौजेत पूर्वीपासून आहे, आणि ती सगळीच खोटी नसावी.

परंतु आकड्यांकडे पाहताना वय विसरून चालत नाही. अधिकारी चौपन्न ते साठ या वयात निवृत्त होतो, तेव्हा रक्तदाब आणि मधुमेह सापडणे साहजिक आहे. शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. त्याचा आजार तेव्हा सुरू झालेला असतो किंवा व्हायचा असतो, पण तपासणीत दिसत नाही. तो दिसतो पन्नाशीत, गावात, जेव्हा मेडिकल बोर्ड कधीच उठून गेलेले असते. शिवाय कागद कसा करून घ्यायचा हे अधिकाऱ्याला कळते. जवान मात्र तक्रार लपवतो, कारण खालच्या वैद्यकीय श्रेणीत गेलो तर बढती हुकेल आणि बाहेर सिक्युरिटीची नोकरी मिळणार नाही, ही त्याची भीती. म्हणजे दोन वर्गांमधली तफावत गैरवापर दाखवते तशीच वंचनाही दाखवते.

सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे नियम आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी नवी मार्गदर्शिका लागू केली. जीवनशैलीशी जोडल्या जाणाऱ्या आजारांच्या कसोट्या काटेकोर झाल्या, आणि आजार असूनही सेवा पूर्ण करणाऱ्यांच्या रकमेचे नावच बदलून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झाले. हे नियम आधीच्या निवृत्तांना लागू नाहीत आणि युद्धात जखमी झालेल्यांचे काही कमी होत नाही, असा मंत्रालयाचा खुलासा आहे. माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केला. गैरवापर रोखायला हवाच. पण ‘जीवनशैली’ हा शब्द फौजेच्या बाबतीत जपून वापरायला हवा. कधी झोपायचे, काय खायचे, कुठे राहायचे, घरच्यांना कधी भेटायचे, यातले काहीच ज्याच्या हातात नाही, त्याची जीवनशैली नेमकी कोणी ठरवली?

अनिश्चिततेशी कसे वागायचे याचा एक नमुना अमेरिकेत दिसतो. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मुळेच अमुक एका सैनिकाला कर्करोग झाला, हे सिद्ध करणे अशक्यच होते. १९९१ च्या कायद्याने वेगळा रस्ता घेतला : व्हिएतनाममध्ये सेवा झाली असेल आणि यादीतला आजार असेल, तर संबंध गृहीत धरायचा. २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने हीच पद्धत इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर श्वासात गेलेल्यांना लावली. यात खर्च प्रचंड आहे आणि काही जणांना हक्क नसताना पैसे मिळतात हेही उघड आहे. पण एकेका आजारी माणसाला न्यायालयात उभे करून शास्त्रालाही न येणारे उत्तर त्याच्याकडून मागण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे. अतिउंचीवर ठरावीक महिने सेवा आणि नंतर ठरावीक काळात रक्ताच्या गुठळीचा आजार. तोफखान्यात ठरावीक वर्षे आणि विशिष्ट नमुन्याचा बहिरेपणा. अशी छोटी, पुराव्याला धरून केलेली यादी आपल्याकडेही करता येईल. त्यासाठी लागणारे संशोधन बरेचसे आपल्याच लष्करी डॉक्टरांनी केलेले आहे.

यादी होईल तेव्हा होईल. तोवर आजारी माजी सैनिक येतो तो जवळच्या सरकारी दवाखान्यात. माजी सैनिकांसाठीची ‘ईसीएचएस’ योजना १ एप्रिल २००३ पासून आहे आणि ती अनेकांचा मोठा आधार आहे. पण पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यातून साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकला जायचे म्हणजे दिवस मोडतो, आणि बिले थकली म्हणून खासगी रुग्णालये दारातून परत पाठवतात अशा तक्रारी वारंवार येतात. म्हणून तो ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. डॉक्टर विचारतात, ‘काय काम करता?’ तो सांगतो, ‘शेती.’ संवाद तिथे संपतो. केसपेपरवर सियाचीन येत नाही, देवळाली येत नाही. बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळत असताना डॉक्टरांना दोष देणेही कठीण. तरीही ‘फौजेत होतात का? कुठे, किती दिवस?’ या प्रश्नाला अर्धे मिनिट लागते. पाय सुजलेल्या, पहिली आकडी आलेल्या, रात्री न झोपणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्यामुळे निदानाची दिशा बदलू शकते. दोन ओळींची तारीखवार नोंद पुढे अपिलात कामाला येते ती वेगळीच.

घरच्यांनीही काही कागद जपावेत. डिस्चार्ज बुक बहुतेक घरांत ट्रंकेत सापडते, पण मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत नसते. ती संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडून मागता येते. नकाराचे पत्र आले तर पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करायचे असते. त्यानंतर दुसरे अपील, आणि शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचे खंडपीठ मुंबईत आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करते. कोणत्या साली, कोणत्या ठिकाणी, कोणते काम केले, याची साधी यादी स्वतः फौजीने आठवेल तशी लिहून ठेवली तर डॉक्टर आणि वकील दोघांचेही काम सोपे होते.

हे सगळे लवकरच एका नव्या गटासाठी निकडीचे होणार आहे. अग्निपथ योजनेखाली २०२२ च्या अखेरीस दाखल होऊ लागलेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरत आहेत. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के सेवेत राहतील. बाकीचे ऐन विशीतच घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएस नाही. सेवेमुळे झालेल्या किंवा बळावलेल्या अपंगत्वासाठी एकरकमी भरपाई आहे : शंभर टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख रुपये. पण त्यासाठी तोच जुना प्रश्न ओलांडावा लागेल, आणि या मुलांचे बरेचसे आजार बाहेर पडल्यानंतर दहा-वीस वर्षांनी दिसतील. त्या वेळी त्यांच्या बाजूने बोलायला एकच गोष्ट असेल, ती म्हणजे बाहेर पडतानाची तपासणी. त्यात ऑडिओग्राम, रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, उंचीवर सेवा झालेल्यांचे हिमोग्लोबिन आणि हृदयाची सोनोग्राफी, मानसिक आरोग्याची नीट मुलाखत आणि तैनातीच्या ठिकाणांची यादी, एवढे असायला हवे, आणि त्याची प्रत त्या मुलाच्या हातात द्यायला हवी. एका जवानामागे या तपासण्यांना अर्धा दिवस पुरतो. त्यासाठी लागणारी यंत्रे प्रत्येक मोठ्या लष्करी रुग्णालयात आजही आहेत.